न दिलेली ओळ

त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं कुजबुजराव गेली सतरा वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून जाणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. छत्री दुकानात राहून जाते, दाढीचा साबण आणायचा राहून जातो. हे पत्र तसं राहिलेलं नव्हतं. त्यांनी ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्या खंडातला एकही शब्द त्यांनी शोधला नव्हता. लिहिताना एखादा शब्द अडलाच, तर तो सोडून ते दुसरा वापरत.

कुजबुजराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची, आणि नट अडला की पुढची ओळ त्याच्यापुरती कुजबुजायची, हे त्यांचं काम. हे नाव बाईंनी ठेवलं. बाई म्हणजे कंपनीची नायिका. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस कामाला बसला की फक्त कुजबुजतो, म्हणून एके दिवशी तालमीत त्या म्हणाल्या, "अहो कुजबुजराव, घरी बायकोशी तरी मोठ्यानं बोलता का?" सगळी कंपनी हसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे बायको गेली, कंपनी मोडली, नाव तेवढं शिल्लक राहिलं.

पत्र बाईंचंच होतं, आणि ते सापडलं लेकीला. रविवारी सकाळी ती कपाट झाडायला बसली होती. तिसरा खंड तिनं उलटा धरून झटकला आणि पाकीट तिच्या मांडीवर पडलं.

"बाबा, हे तुमचंच ना? वर 'कुजबुजराव' लिहिलंय."

"ठेव ते."

"फोडलेलं आहे." तिनं वाचायला सुरुवात केलीसुद्धा. कुजबुजरावांनी हात पुढे केला, पण पत्र हिसकावून घेणं त्यांना जन्मात जमलं नसतं. ते हात पुढे करून तसेच उभे राहिले.

पत्र फार मोठं नव्हतं. "कुजबुजराव, तुम्ही ओळ दिलीत हे वहीत आहे, आणि वही खोटं बोलत नाही हे मीच सगळ्यांना सांगत आले. पण मला ती ऐकू आली नाही. मला एवढंच कळवा की ती नेहमीएवढ्या आवाजात दिलीत की त्याहून हळू. हळू दिली असेल तर माझं डोकं अजून जागेवर आहे, आणि मी परत गायला बसेन. मन मोडेल म्हणून संकोच करू नका. उत्तर आलं नाही, तर काय ते मी समजेन."

लेकीनं घडी घातली. "मग? काय कळवलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"उत्तर दिलं नाही."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि कोपऱ्यात पकडलेल्या मुलाकडे बघायची तिची एक रीत होती. "म्हणजे दिलंतच की," ती म्हणाली. "उत्तर नाही हेच उत्तर, असं त्यांनीच लिहिलंय."

हे कुजबुजरावांना पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

बाई कंपनीत आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्यांची आई कंपनीचे कपडे शिवायची. आई टेप लावायची आणि मुलगी आकडे टिपून घ्यायची. पण नुसते टिपून तिला करमत नसे. छाती अडतीस, बाही बावीस, असे ती ते गाऊन घ्यायची, आणि कोणाचं माप कुठल्या चालीत बसतं हे तिला पाठ असायचं. एका जाड्या खलनायकाचं कमरेचं माप ती खालच्या सुरात, एकेक आकडा लांबवून म्हणायची. तो चिडायचा, बाकीचे पोट धरून हसायचे. व्हायोलिनवाल्यानं तिला हेरलं. आधी समूहात, मग सखी म्हणून, मग नायिका. रेडिओवर तिची गाणी लागू लागली. दोन चित्रपट झाले. त्यातल्या एकाच्या दिग्दर्शकानं तिला आणखी चारांसाठी करार देऊ केला, तेव्हा ती म्हणाली, "तिकडे एकच वाक्य सतरा वेळा बोलायला लावतात. माझ्या आईनंसुद्धा मला एवढ्यांदा हाक मारली नाही." आणि ती रंगमंचावर परत आली.

पुरस्कार मिळाला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी. नाटक एका आईचं होतं. तिचा मुलगा लढाईवर गेलेला असतो. तिसऱ्या अंकात ती स्टेशनवर येते आणि स्टेशनमास्तर तिच्यासमोर एक पत्र्याची पेटी ठेवतो. आई पेटीकडे बघते आणि म्हणते, "ही पेटी त्याची नाही." मग ती थांबते. मग म्हणते, "कुलूप मात्र आमच्याच घरचं आहे." याच ओळीवर व्हायोलिन सुरू होतं आणि आई गाऊ लागते.

मधलं ते थांबणं बाईंनी वाढवत नेलं. पहिल्या प्रयोगात ते श्वासभर होतं. शंभराव्यापर्यंत ते इतकं लांबलं की नवखा प्रेक्षक घाबरून शेजाऱ्याचा हात धरायचा. परीक्षकांनी त्या थांबण्यावर अर्धं पान लिहिलं. वर्षातली सर्वोत्तम गायिका-अभिनेत्री म्हणून बाईंना पितळेचा एक जड पुतळा मिळाला. तो हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "गायल्याबद्दल मिळाला असता तर समजलं असतं. हा गप्प बसल्याबद्दल मिळालाय. यातला निम्मा कुजबुजरावांचा. ते माझ्याहून जास्त गप्प असतात."

या थांबण्यामुळे प्रॉम्प्टरची मात्र पंचाईत होती. बाई मुद्दाम थांबल्यात की अडल्यात, हे ओळखायचं कसं? म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. अडल्याच तर बाई डाव्या हाताची मूठ वळतील. डोळ्याच्या कोपऱ्यातून मूठ दिसली की ओळ द्यायची, नाही दिसली तर श्वासही घ्यायचा नाही. आणि दिलेल्या प्रत्येक ओळीसमोर वहीच्या समासात लाल पेन्सिलीनं टीक करून शेजारी प्रयोगाचा आकडा टाकायचा, हा कंपनीचा जुना नियम. विंगेतल्या अंधुक उजेडात केलेल्या त्या टिका पावसात भिजलेल्या मुंग्यांसारख्या वाकड्यातिकड्या असायच्या.

ज्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरकडे कुजबुजराव शिकले, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कान नटाकडे, डोळे कागदावर. नटाकडे बघणारा प्रॉम्प्टर म्हणजे फुकटा प्रेक्षक."

तीनशे अकरावा प्रयोग दुपारचा होता. बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या, पण अजून त्याच भूमिकेत उभ्या राहायच्या, आणि कोणाला त्यात काही खटकत नसे. पेटीचा प्रवेश आला. कुजबुजरावांनी वही मिटली.

यात काही नवीन नव्हतं. गेले चाळीसेक प्रयोग त्या प्रवेशाला ते वही मिटत होते. या तीन मिनिटांत बाई कधी अडल्या नव्हत्या, आणि छत्तीस वर्षांत कुजबुजरावांनी स्वतःला दिलेली ही एकच चैन होती. वहीत बोट न घालता, डोळे वर करून, ते नुसते बघत बसायचे.

"ही पेटी त्याची नाही," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. प्रेक्षागृह शांत झालं. कुजबुजराव बघत होते. आज त्या फार सुरेख थांबल्या आहेत, असं त्यांना वाटलं. मग त्यांना डावी मूठ दिसली. ती केव्हापासून वळलेली होती कोण जाणे. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

त्यांनी तोंड उघडलं, आणि तीनशे दहा वेळा ऐकलेली ओळ त्यांच्याही डोक्यात नव्हती. पेटी होती, तिच्यापुढे भिंत होती. त्यांनी वही उघडली तर पहिला अंक निघाला. पुन्हा उघडली तर गाण्याचं पान. बोटं ओली झाली होती, दोन पानं एकमेकांना चिकटली. समोर कोणीतरी खोकलं. कोणीतरी एकच टाळी वाजवली. मग मागच्या रांगेतून एक छोटंसं हसू आलं, आणि बाईंची मान त्या दिशेला किंचित वळली. उभं आयुष्य रंगमंचावर काढलेली बाई पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे बघत होती.

पडदा पडला.

कंपनीचे मालक धावत आले, गर्दी झाली, कोणी पाणी आणलं. त्या पाचदहा मिनिटांत कुजबुजराव कपडेपटात गेले. तिथे दिवा होता. त्यांनी ओळ शोधली. ती आपल्या जागी, पानाच्या मध्यावर होती. त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि समासात टीक केली. शेजारी आकडा टाकला, तीनशे अकरा.

"वही दाखव," मालक म्हणाले. बघितली. "टीक आहे. म्हणजे दिली होतीस."

"हो, मालक."

मालक बाईंकडे वळले. बोलले ते हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाई, ओळ दिली होती. तुमच्यापर्यंत पोचली नाही."

बाईंनी कुजबुजरावांकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. भीती होती. "वहीत आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग दिलीच असणार. वही खोटं बोलत नाही."

पुढचं सगळं सरळ घडत गेलं. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. त्यामुळे बाईंना अधिकच धास्ती वाटली. कान ठीक असतील तर मग डोकंच गेलं. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे. 'वयाच्या मानानं' एवढेच शब्द बाईंनी घरी नेले. मालकांनी त्यांच्या जागी नवी मुलगी घेतली. बाईंनी रेडिओ सोडला, खासगी मैफली सोडल्या. जिला चार हातांवरून दिलेली ओळ ऐकू येत नाही, तिनं आपला सूर लागलाय हे कोणाच्या भरवशावर म्हणायचं? वर्षभरानं पत्र आलं. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

लेकीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "आहेत का त्या अजून?"

होत्या. पत्ता पाकिटावरचाच होता. दोन बस बदलून कुजबुजराव बुधवारी दुपारी तिथे पोचले. खाली कपडे धुण्याचं दुकान, वर तीन जिने. जिन्यात ओल्या साबणाची वाफ. प्रत्येक वळणावर त्यांनी परत फिरायचं एक नवं कारण शोधलं, आणि प्रत्येक वेळी पाय वरच गेले.

दार बाईंच्या भाचीनं उघडलं. पन्नाशीची, औषधाच्या दुकानात कामाला जाणारी. अंगात अजून तो पांढरा डगला होता.

"कोण पाहिजे?"

"मी... कंपनीत होतो. प्रॉम्प्टर."

भाचीच्या भुवया वर गेल्या. "कुजबुजराव? अजून आहात तुम्ही?" मग आत वळून म्हणाली, "मावशी, बघ, तुझे पोस्टखात्याचे थकबाकीदार आलेत!" त्यांना आत घेताना मात्र तिनं आवाज उतरवला. "सतरा वर्षं पोस्टमन दिसला की ती उठून बसते. सांगून ठेवते तुम्हाला."

खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीला टेकून कमरेएवढा वह्यांचा ढीग. तो कोसळू नये म्हणून बाजूला पितळी पुतळा उभा केला होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या, पण पाठ ताठ होती.

"या," त्या म्हणाल्या. "केस कुठे गेले?"

"गेले, बाई."

"तेही न कळवताच गेले असतील."

भाची हसली. कुजबुजराव हसले नाहीत. त्यांनी जिन्यात तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं पहिलं शोधता शोधता ते वह्यांकडे बघत राहिले.

"परीक्षेच्या वह्या," भाची म्हणाली. "रोज दुपारी मी दाराआड उभी राहून वीस शब्द कुजबुजायचे, हिनं लिहायचे. अठरा वर्षं झाली. फार तर एखादा चुकतो. पण हिला पटत नाही."

"तू मोठ्यानं म्हणतेस," बाई म्हणाल्या. "दया करतेस."

"दया करायला मला वेळ आहे का? दुकानातून पळत येते ती या कुजबुजीसाठी." तिनं कुजबुजरावांच्या हातात एक चिठ्ठी दिली. "आज तुम्ही म्हणा. तुमच्यावर तरी हिचा विश्वास बसेल."

ते दाराआड गेले. चिठ्ठीवर शब्द होते: वाटी, पायरी, सुतळी, उधार, कात्री. पहिल्या शब्दाला त्यांचा श्वास अडखळला, पण दुसऱ्यापासून जुना आवाज आपला आपण आला, ओठ न हलवता, घशाच्या तळातून. पलीकडे पेन्सिल चालत होती. वीस झाले. ते आत आले. बाईंनी वही पुढे केली. वीसपैकी वीस. अक्षर कापरं होतं, शब्द बिनचूक.

बाईंनी चष्मा काढला. "कुजबुजराव, एक विचारते. त्या दिवशी एवढ्याच आवाजात दिली होतीत का?"

खालून धुलाईयंत्राची घरघर येत होती. आता फक्त दोन शब्द पुरे होते. दिली नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं जागच्या जागी पोचवली होती. स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आली, आणि समोर कागद नव्हता. बाई बघत होत्या. भाची चहाचा कप हातात घेऊन उभी होती.

"हो," कुजबुजराव म्हणाले. "एवढ्याच."

बाईंनी मान हलवली. वही मिटून त्यांनी ती ढिगावर ठेवली, कडा नीट जुळवली. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या दिवशी काहीतरी गेलंच होतं. बरं झालं आलात. आता रोज रोज हिला त्रास देत नाही." आणि भाचीला म्हणाल्या, "या वह्या रद्दीत घाल गं. उगाच जागा अडवतात."

भाचीनं कप टेबलावर आपटला. कुजबुजराव कसे उतरले, कुठली बस पकडली, हे त्यांना नंतर आठवलं नाही.

घरी लेकीनं एका नजरेत ओळखलं. "नाही सांगितलंत."

"उलटं सांगितलं."

ती भाजी चिरत राहिली. चिरून झाल्यावर म्हणाली, "उद्या मी येते बरोबर. परत जाऊ."

"तोंडानं मी पुन्हा खोटंच बोलेन," ते म्हणाले. "मला माहीत आहे मी कसा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात कलेविषयी, स्मृतीविषयी बरंच होतं, आणि त्यांच्या गरिबीविषयी, त्या वेळी बायको आजारी होती त्याविषयी. वाचून त्यांनाच लाज वाटली. चार पानांत स्वतःला वाचवायची धडपड होती, आणि मुख्य गोष्ट तिसऱ्या पानावर कंसात लपली होती. दुसऱ्या मसुद्यात क्षमा हा शब्द सहा वेळा आला. तो त्यांनी एकेक करून खोडला. क्षमा मागितली की देण्याचं ओझंही बाईंवरच पडणार. दुपारी उरलं ते एवढंच:

"बाई, ओळ मी दिली नव्हती. हळू नाही, मोठ्यानंही नाही. तुमची मूठ मी पाहिली होती. माझी वही मिटलेली होती, कारण मी तुमच्याकडे बघत होतो. टीक मी नंतर कपडेपटात, दिव्याखाली केली. पान सोबत पाठवतो आहे. त्यावरच्या इतर नटांच्या टिका अंधारातल्या आहेत, वाकड्या. ही एकच सरळ आहे, बघा. काल तुमच्यासमोरही मी खोटं बोललो. तुमचं काहीही गेलं नव्हतं. तुम्ही एक ओळ विसरलात. ती कोणीही विसरतं. त्यासाठीच तर मला तिथे बसवलं होतं. हे पत्र तुमच्या भाचीला मोठ्यानं वाचून दाखवा. मालक आता नाहीत, म्हणून निदान तिला कळू दे."

खाली सही करताना ते थांबले. मग 'कुजबुजराव' असंच लिहिलं.

कंपनी मोडली तेव्हा वही त्यांनी घरी आणली होती. ते पान त्यांनी शिवणीपासून ओढलं. पुस्तकाचं पान त्यांनी आयुष्यात कधी दुमडलंसुद्धा नव्हतं. पान निघालं. वहीच्या शिवणीत कागदाची एक दातेरी पट्टी राहिली.

लेक म्हणाली, "सतरा वर्षं, बाबा. त्या गाऊ शकल्या असत्या."

"हो."

"आता एकोणऐंशीच्या आहेत. पत्र वाचून काय गाणार?"

"नाही गाणार," कुजबुजराव म्हणाले. "आणि कळल्यावर जास्तच त्रास होईल. मी रात्रभर तोच विचार केला. पण त्या वह्या आज-उद्या रद्दीत जातील, आणि स्वतःबद्दल चुकीचं समजून त्या मरतील. ते माझ्या हातानं व्हायला नको."

पोस्टाची पेटी गल्लीच्या तोंडाशी, चप्पल दुरुस्तीच्या टपरीजवळ होती. ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं, पाकीट फटीत सरकवलं, आणि तसंच धरून उभे राहिले. निम्मं आत, निम्मं बाहेर. मागे एक तरुण मुलगी हातात तीन पाकिटं घेऊन येऊन थांबली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "टाकताय ना?"

"हो," कुजबुजराव म्हणाले, चांगलं मोठ्यानं, आणि त्यांनी बोटं सोडली.